पहिली साठ पानं मळकी, पुढची कोरी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा पंधराचा, सिनेमा पाहून आला आणि ‘छावा’ पाहिजे म्हणून हटून बसला. तुम्ही बर्डीवरून आणून दिलीत, पंधरा दिवसांत ती गादीखाली गेली. मुलगी अकराची, तिच्या लेखी इतिहास म्हणजे सनावळ्या. दोघांना कोणत्या ऐतिहासिक कादंबऱ्या द्याव्यात, आणि त्यातलं खरं किती धरायचं?

आधी गादीखालच्या पुस्तकाबद्दल, कारण त्यात तुमच्या मुलाची काही चूक नाही. मी चोवीस वर्षं इथल्या, नागपुरातल्या एका शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. निवृत्त झाल्यापासून घराच्या पुढच्या खोलीत शनिवार-रविवार मुलांसाठी देवघेव चालवते. जाडजूड कादंबरी परत आली की रजिस्टरात नोंद करायच्या आधी मी ती मिटून उभी धरते आणि पानांची कड बघते. पहिली साठेक पानं मळकी, कोपरे दुमडलेले, एखाद्या पानावर तर्रीचा डाग. पुढची सगळी कोरी. शाळेतल्या ‘श्रीमान योगी’ची कड अशी दुरंगी होती, ‘पानिपत’ची होती, ‘छावा’च्या तर तिन्ही प्रतींची होती. मळकं संपतं तिथे खूण म्हणून अडकवलेलं बसचं तिकीट वर्षानुवर्षं तसंच. आणि तरी दर उन्हाळ्यात घरोघरी हीच पुस्तकं मुलांच्या हातात पडतात. विषय मुलांना कळावा असा असतो ना! पुस्तक मात्र मोठ्यांसाठी लिहिलेलं असतं, हे आपण विसरतो.

मराठीत ऐतिहासिक कादंबरीला तोटा नाही. हरि नारायण आपट्यांपासून धरलं तर सव्वाशे वर्षांच्या वर झाली. पण ती बहुतेक वेळा राजाच्या, पेशव्याच्या, सेनापतीच्या खांद्यावरून जग बघते. तह, खलबतं, भाऊबंदकी, महसूल, राण्यांचे रुसवे. चाळिशीतल्या वाचकाला यात रस असतो, कारण त्यानं ऑफिसात आणि घरात हेच भोगलेलं असतं. अकरा वर्षांच्या पोरीला तो खांदाच उंच पडतो. म्हणून मी पुस्तक निवडताना राजा कोणता, लढाई कोणती हे बघतच नाही. गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी दिसते तेवढं बघते. ते डोळे वाचणाऱ्याच्या उंचीवर असले, तर काळ आणि देश कितीही लांबचा असो, पोर पानं उलटत जातं.

मुलीपासून सुरू करू. तिला मी लुईस लोरींची ‘नंबर द स्टार्स’ देईन. १९८९ची, मोठी नाही, इंग्रजी सोपं. गोष्ट १९४३च्या कोपनहेगनची. डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात, आणि दहा वर्षांच्या अ‍ॅनमरीची जिवाभावाची मैत्रीण ज्यू. ज्यूंना पकडून नेणार अशी बातमी फुटते. डॅनिश लोकांनी तेव्हा सुमारे ७,००० ज्यूंना होड्यांमधून स्वीडनला पोचवलं, हा खरा इतिहास. पण पुस्तकात तो आकडा छातीवर येत नाही. दिसते ती एक मुलगी, हातात टोपली, टोपलीत तिलाही न कळलेलं एक पुडकं, आणि वाटेत कुत्री घेऊन उभे असलेले सैनिक. पुडक्यात रुमाल असतो, बस. तो रुमाल कशाला, हे वाचताना माझ्याकडची एक सहावीतली मुलगी ओठ चावत बसली होती, घरी जायची वेळ झाली तरी उठेना. शेवटच्या टिपणात लेखिका सांगते की होडीवर कुत्र्यांना माणसांचा वास येऊ नये म्हणून औषध लावलेले रुमाल खरोखर वापरले गेले, अ‍ॅनमरी मात्र मी रचलेली. खरं कुठे संपतं आणि रचलेलं कुठे सुरू होतं, हे लेखिकेनंच सांगून टाकलेलं. असं टिपण ज्या पुस्तकात असेल त्याला माझ्याकडे एक गुण जास्त. मुलगी मराठी माध्यमात असेल तर शेजारी बसून रोज एक प्रकरण तुम्ही वाचून सांगा, चालतं. दोन-तीन दिवसांनी ती तुमच्या आधी पुढचं प्रकरण उघडेल.

मग ‘द नाइट डायरी’, वीरा हिरानंदानींची, २०१८ची. बारा वर्षांची निशा फाळणीच्या वेळी सिंधमधल्या मीरपूरखासहून बाप आणि जुळ्या भावाबरोबर निघते आणि रोज रात्री आईला पत्र लिहिते. आई तिला जन्म देतानाच गेलेली आहे. वडील हिंदू, आई मुसलमान, त्यामुळे सीमेच्या कोणत्या बाजूला आपलं माणूस आणि कोणत्या बाजूला परकं, हा प्रश्न त्या पोरीला साधासरळ उरतच नाही. नागपुरात हे पुस्तक देण्याला एक वेगळं कारण आहे. आपल्याकडे जरीपटका ही वस्ती आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली किती कुटुंबं तिथे वसली, आणि आपण तिथे पापड नि कापड घ्यायला जातो, त्यापुढे काही विचारत नाही. माझ्याकडे येणाऱ्या तिथल्या एका मुलीनं हे पुस्तक तीन वेळा रिन्यू केलं. चौथ्या वेळी मी विचारलं, तर म्हणाली, आता आजोबा ऐकतायत. मी ती प्रत तिलाच देऊन टाकली.

एक पुस्तक मात्र शाळांच्या याद्यांत हटकून असतं आणि मी ते काढून ठेवते: ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पायजमाज’. डोळे मुलाचेच आहेत, म्हणजे माझ्या चाळणीतून पडायला हवं होतं. पण छळछावणीच्या कुंपणापाशी दोन मुलं रोज निवांत गप्पा मारत बसतात, हे घडूच शकलं नसतं. ऑशविट्झच्या स्मारक-संग्रहालयानंच २०२०मध्ये सांगितलं की हा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं. रडू आणतं, पण चुकीच्या गोष्टीवर. मुलाचे डोळे घेतले म्हणजे काहीही दाखवायची मुभा मिळत नाही.

शूरवीरांच्या कथा म्हणून पातळ, चकचकीत पुस्तिका मिळतात, त्यांच्यात पैसे घालू नका. प्रत्येक वीर लहानपणापासून तेजस्वी, प्रत्येकाची आई करारी, नावं बदलली तरी पत्ता लागू नये. त्यापेक्षा ‘अमर चित्र कथा’ बरी. अनंत पैंनी १९६७ला सुरू केली, त्यात भाबडेपणा आहे, पण निदान कपडे, घोडे, किल्ले डोळ्यांसमोर उभे राहतात. न वाचणाऱ्या पोराला मी आधी तीच देते आणि त्यात कमीपणा मानत नाही.

आता मुलगा. ‘छावा’ गादीखाली राहू दे, परत आणायला लावू नका. त्याच्यापुढे ‘स्वामी’ ठेवा. रणजित देसाईंची, १९६२ची. आता म्हणाल, हीसुद्धा पेशव्याच्याच खांद्यावरून बघणारी. बरोबर. पण हा खांदा किती उंच आहे बघा: पानिपत होऊन सहा महिने झालेत, बाप खचून वारलाय, आणि गादीवर बसतो तो माधवराव सोळा वर्षांचा. तुमच्या मुलाहून एका वर्षानं मोठा. समोर सख्खा काका, ज्याला वाटतं की कारभार आपण करायचा आणि पोरानं मुकाट सह्या करायच्या. पंधरा वर्षांच्या कोणत्या मुलाला हे समजावून सांगावं लागतं? घरात त्याचं मत कोणी विचारत नाही, हेच तर त्याचं दुःख असतं. माधवराव सत्ताविसाव्या वर्षी, १८ नोव्हेंबर १७७२ला, थेऊरला क्षयानं गेले. रमाबाई सती गेल्या. कादंबरीतला तो भाग फार सुंदर लिहिलाय, आणि म्हणूनच मुलानं पुस्तक संपवल्यावर त्याच्याशी त्यावर बोला. एवढ्या सुंदर भाषेत एका तरुण बाईचं जळणं लिहिलंय, तुला कसं वाटलं, इतकंच विचारा आणि गप्प बसा.

नागपूरच्या मुलाला या काळात आणखी एक खडा लागतो आणि तो मला फार आवडतो. माधवरावांच्या डोकेदुख्यांमधली एक मोठी डोकेदुखी आपले जानोजी भोसले. १७६३ला निजामाच्या फौजेनं पुणं लुटलं, तेव्हा जानोजी निजामाबरोबर होते. नंतर राक्षसभुवनच्या लढाईआधी बाजू बदलली. १७६९ला माधवरावांनी नागपूरकरांवर मोहीम काढली आणि कनकापूरचा तह करायला लावला. माझ्याकडे महाल भागातला एक नववीतला पोरगा यायचा. हे कळल्यावर म्हणाला, “मॅडम, म्हणजे आपण व्हिलन?” मी म्हटलं, जानोजींच्या बाजूनं एक पान लिहून आण. त्यानं अडीच पानं आणली. शाहू महाराजांनी सनद आम्हाला दिली, पुणेकर आम्हाला हुकूम करणारे कोण, असा एकूण सूर. इतिहासाच्या पेपरात त्या पोराला कधी पस्तिसाच्या वर मिळाले नव्हते.

‘स्वामी’ जमली तर पुढे गो. नी. दांडेकर. जन्म आपल्याच विदर्भातला, परतवाड्याचा, १९१६चा. शिवकाळावर त्यांच्या पाच कादंबऱ्या आहेत: ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’, ‘हे तो श्रींची इच्छा’. आकारानं आटोपशीर, आणि राजापेक्षा राजाच्या भोवतालची साधी माणसं त्यांत अधिक जवळून दिसतात. भाषेचा मात्र सुरुवातीला अडसर होतो. मावळी बोली आपल्या पोट्ट्यांना परकी वाटते. पहिली दहा पानं तुम्ही मोठ्यानं वाचा. दांडेकर कानानं वाचायचे लेखक आहेत, एकदा लय बसली की अडत नाही. मुलगा हिंदी सहज वाचत असेल, आणि नागपुरात कोण वाचत नाही, तर वृंदावनलाल वर्मांची ‘झाँसी की रानी’ आणि ‘मृगनयनी’ ठेवा. ना. सं. इनामदार अजून दोन वर्षांनी. ‘मंत्रावेगळा’मधला दुसरा बाजीराव समजायला थोडं हरून यावं लागतं.

किती खरं धरायचं, हा तुमचा खरा अवघड प्रश्न. माझा शिरस्ता असा की पुस्तक देताना एक अक्षर बोलायचं नाही. ‘हे सगळं खरं नाही हं’ असं आधीच सांगितलं की गोष्टीतला जीव जातो. परत करायला आलं की मात्र एकच विचारायचं: यातलं काय घडलं नसेल असं वाटतं?

आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ घेऊन आलेला एक मुलगा होता, आठवीतला. भाषा शंभर वर्षांपूर्वीची, तरी नेटानं संपवली होती. मी विचारलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, “घोरपड. घोरपड फेकू वाटते.” मी कपाटातून सभासदाची बखर काढली. कृष्णाजी अनंत सभासदानं ती १६९४च्या सुमारास जिंजीला लिहिली, म्हणजे तानाजी पडल्यानंतर चोवीसेक वर्षांनी. पान काढून दिलं. तिथे कड्यावरून वानरासारखे चढणारे मावळे आहेत, घोरपड नाही. घोरपड येते ती पोवाड्यातून. मग मी त्याला आणखी एक सांगितलं: ४ फेब्रुवारी १६७०च्या त्या रात्रीनंतर कोंढाण्याचा सिंहगड झाला असं आपण म्हणतो, पण सिंहगड हे नाव महाराजांच्या १६६३च्या पत्रातच आहे. पोराचं तोंड बघण्यासारखं झालं. मला वाटलं, आता म्हणेल की सगळं खोटंच. तो म्हणाला, “मग घोरपड कोणाले सुचली असन?” तिथून पुढचा तासभर आम्ही शाहिरांबद्दल बोललो. एवढा उंच कडा रात्री माणसं चढली, हे ऐकणाऱ्याला पटवायचं तर शाहिरानं काय करायचं? घोरपड आणायची. तानाजी त्यानं लहान झाला नाही. शाहीर मात्र त्या मुलाला पहिल्यांदा दिसला.

आग्र्याचंही तसंच. महाराज पेटाऱ्यात बसून निसटले की पेटारे वाहणाऱ्यांच्या वेषात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण मुलांसाठी त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. १६६६च्या त्या पलायनात नऊ वर्षांच्या संभाजीराजांना मथुरेत मागे ठेवावं लागलं. परक्या घरात, परक्या भाषेत, बाप कुठे आहे हे माहीत नाही, आणि नाव सांगायची सोय नाही. ‘छावा’त तुमच्या मुलाला मन लागलं नाही ना, मग त्याला सांगा, ते मथुरेचे दिवस तू लिही. काय खाल्लं असेल, कोणत्या भाषेत बोलावं लागलं असेल, मराठी शब्द तोंडातून निसटला तर काय होईल. कागदपत्रं जिथे गप्प होतात तिथे कादंबरीकार शिरतो, हे एका पानात कळतं. आणि मग कदाचित ती गादीखालून बाहेर येईलही.

तुम्ही विचारलं नाही, पण न सांगता राहवत नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेलं पोर कधी कधी माणसांची धर्मावरून सरसकट विभागणी करून मोकळं होतं. अशा वेळी मी भाषण देत नाही, दोन नावं देते. पानिपतावर मराठ्यांच्या तोफा इब्राहिमखान गारदीच्या हाती होत्या आणि तो त्यापायी मेला. १६६५ला पुरंदरला वेढा घालून महाराजांना तहावर आणणारा औरंगजेबाचा सेनापती मिर्झाराजे जयसिंह, कछवाहा राजपूत. एवढ्यावर पोरं स्वतःच गोंधळतात, आणि तो गोंधळ मला हवाच असतो.

त्याहून जास्त गोंधळ एका अंगाईनं घातला होता. रेल्वेत बदली होऊन आलेल्या एका बंगाली कुटुंबातली मुलगी माझ्याकडे यायची. एकदा बोलता बोलता तिनं आजीची अंगाई म्हणून दाखवली आणि अर्थ सांगितला: बाळ झोपलं, आळी शांत झाली, देशात बर्गी आले. बर्गी कोण, कोणाला माहीत नव्हतं. बर्गी म्हणजे बारगीर, मराठ्यांचे घोडेस्वार, म्हणजे आपण. १७४१पासून दहा वर्षं रघूजी भोसल्यांच्या फौजा नागपुराहून बंगालवर जात होत्या. गावं लुटली, चौथाई मागितली, १७४४ला भास्करराम कोल्हटकर तिथेच दग्यानं मारला गेला. ती भीती पावणेतीनशे वर्षांनंतरही बाळाला झोपवायच्या गाण्यात शिल्लक आहे. खोलीत सात-आठ मुलं होती. महालातल्या त्याच पोरानं हळूच विचारलं, “आपल्याले पाहून बाळ झोपायचे?” ती मुलगी म्हणाली, “नहीं, डर के मारे.” त्या दिवशी कोणी पुस्तक नेलं नाही, सगळे बोलतच बसले.

आपल्या गावाबद्दल मुलाच्या उंचीवरून सांगणारी कादंबरी मात्र माझ्या कपाटात नाही. ती जागा मी रिकामी ठेवली आहे, अक्षरशः, दुसऱ्या कपाटात तिसरा कप्पा. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शहा देवगडचा गोंड राजा, १७०२च्या आसपासचा. सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर २६ नोव्हेंबर १८१७च्या संध्याकाळी सुरू झालेली आणि दुसऱ्या दिवशी संपलेली लढाई, जिच्या पायथ्याशी आज आपण सिग्नलला थांबून हॉर्न वाजवतो. बांकाबाई, जिचं नाव लोक काळ्या मारबतीशी, मिरवत नेऊन जाळायच्या त्या पुतळ्याशी जोडतात आणि पोरं तान्ह्या पोळ्याला ‘घेऊन जा गे मारबत’ ओरडत तिच्यामागे धावतात, कोण होती ते न विचारता. १८७७ची एम्प्रेस मिल, तिचा भोंगा, तिथे काम करणारी माणसं.

त्या कप्प्यात सध्या एकच वही आहे. दहावीतल्या एका मुलीनं लिहिलेली, आजीकडून ऐकून. १४ ऑक्टोबर १९५६, धम्मदीक्षेचा दिवस. आजी तेव्हा सात वर्षांची, पायी आलेली, अंगात आईनं रात्रभर बसून शिवलेला पांढरा झगा. एवढ्या गर्दीत आईचा हात सुटू नये म्हणून तिनं पदराची गाठ झग्याला मारलेली. बाबासाहेब आजीला दिसलेच नाहीत. पुढच्या माणसाची पाठ दिसली, आणि आवाज ऐकू आला. मुलीनं एवढंच लिहिलंय, चौदा पानं. त्या वहीची कड मी बघितली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सारखी मळली आहे.

शनिवारी चार ते सात उघडं असतं. दोघांना घेऊन या. मुलीसाठी ‘नंबर द स्टार्स’ बाजूला काढून ठेवते, ‘स्वामी’ची एक प्रत रविवारी परत यायची आहे. आणि येताना ती गादीखालची ‘छावा’ घेऊन या, कुठवर पोचला होता ते बघायचंय.